बॅरिॲट्रिक पुनर्शस्त्रक्रिया

बॅरिॲट्रिक पुनर्शस्त्रक्रिया : वजन घटवण्यासाठी जठरावर किंवा लहान आतड्यावर एकदा शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीवर, वजन पुन्हा वाढल्यामुळे किंवा पहिल्या शस्त्रक्रियेतून त्रास उद्भवल्यामुळे केली जाणारी दुसरी शस्त्रक्रिया. अमेरिकेतील बॅरिॲट्रिक शल्यविशारदांच्या संघटनेच्या कार्यगटाने २०१४ मध्ये तिचे तीन प्रकार मानले. रूपांतरात एका प्रकारच्या रचनेची दुसऱ्या प्रकारात मांडणी होते (उदा., स्लीव्हचा, म्हणजे कापून अरुंद नळीसारख्या केलेल्या जठराचा, बायपास, म्हणजे अन्न पचनमार्गाचा काही भाग टाळून पुढे जाईल अशी जोडणी). दुरुस्तीत मूळ रचना तीच ठेवून तिच्यातील दोष काढला जातो. तिसऱ्या प्रकारात पचनमार्ग शक्य तितका पूर्ववत केला जातो. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून शरीराबाहेर काढलेला असल्याने तिच्या बाबतीत हा तिसरा मार्ग उपलब्ध नसतो.

इतिहास : या शस्त्रक्रियांचा आरंभ कोणी केला याविषयी मतभेद आहेत. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी १९५२ च्या सुमारास एका स्थूल स्त्रीच्या लहान आतड्याचा सु. १०५ सेंमी. भाग काढून टाकल्याची नोंद आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात रिचर्ड वार्को यांनी १९५३ मध्ये आतड्याचा बायपास केल्याचे सांगितले जाते. परंतु त्यांनी ते काम प्रसिद्ध केले नाही. त्याच विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांचा निबंध १९५४ मध्ये छापला गेला. तो मुख्यतः कुत्र्यांवरील प्रयोगांविषयीचा असला, तरी बहुतेक संदर्भग्रंथ आरंभाचे वर्ष म्हणून १९५४ च धरतात आणि छापील पुराव्याच्या दृष्टीने ते योग्य वाटते. पुनर्शस्त्रक्रियेच्या इतिहासात मात्र अग्रक्रमाच्या वादापेक्षा या दोन पद्धतींतील फरक महत्त्वाचा आहे. हेन्रिक्सन यांनी आतडे काढून टाकले. मिनेसोटा पद्धतीत ते पोटातच ठेवून अन्नाचा मार्ग तेवढा बदलला. पुढे केव्हातरी फेरविचार करता येईल, अशी वाट या दुसऱ्या पद्धतीनेच मोकळी ठेवली.

त्या वाटेची गरज लवकरच पडली. पेन व डिविंड यांनी १९६३ मध्ये लहान आतडे थेट मोठ्या आतड्याला जोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. वजन उतरले की आतडे पुन्हा जोडायचे, अशी त्यांची मूळ योजना होती. तीव्र जुलाब, क्षारांची कमतरता व यकृताची हानी यांमुळे ती जोडणी मोडावी लागली, आणि आतडे पूर्ववत झालेल्या रुग्णांचे वजन परत वाढले. शस्त्रक्रियेचा परिणाम बदललेली रचना टिकून असेपर्यंतच राहतो, हे त्यातून प्रथम दिसले. नंतरच्या सुधारित आतडे-बायपासमध्येही मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे होणे व यकृत निकामी होणे हे धोके राहिले, म्हणून १९७० च्या व १९८० च्या दशकांत अशा अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पुनर्शस्त्रक्रियेचा पहिला मोठा रुग्णवर्ग वजन वाढलेल्यांचा नसून पहिल्या उपायाचा अतिरेक सोसणाऱ्यांचा होता, ही बाब आजच्या चर्चेत फारशी लक्षात घेतली जात नाही.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी इटो यांच्यासह १९६६ मध्ये जठर-बायपास सुरू केला. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण सहसा कृश राहतात, हे निरीक्षण त्यामागे होते. मेसन यांनीच सु. १९८० मध्ये जठराला उभी स्टेपलची रेघ व पट्टी घालण्याची पद्धत आणली. ती रेघ काही वर्षांनी उसवल्यामुळे त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचा पुढे बायपास करावा लागला. जठराच्या वरच्या भागाभोवती बसवायचा, फुगवता येणारा सिलिकोन बँड कुझमाक यांनी १९८६ मध्ये वापरला. दुर्बिणीद्वारे तो बसवण्याची पद्धत १९९३ मध्ये बेल्जियममध्ये आली आणि अमेरिकेत २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. बँड सरकणे, तो जठराच्या भिंतीत रुतणे व अन्ननलिका फुगणे या कारणांनी पुढील दशकात बँड काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्या.

आज सर्वांत प्रचलित असलेल्या स्लीव्हच्या उगमाविषयी दोन परंपरा सांगितल्या जातात. एका परंपरेनुसार ती ड्युओडेनल स्विच या, जठर व आतडे दोन्हींवर होणाऱ्या, मोठ्या शस्त्रक्रियेचा (हेस, १९८८; मार्सो, क्वेबेक) जठरापुरता भाग आहे. न्यूयॉर्कमध्ये गानिए यांनी १९९९ मध्ये ती मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली. अतिस्थूल रुग्णांत धोका फार असल्याचे दिसल्यावर आधी जठर अरुंद करायचे आणि काही महिन्यांनी, वजन थोडे उतरल्यावर, आतड्याचा टप्पा उरकायचा, अशी विभागणी झाली. पहिल्या टप्प्यानंतरच पुरेसे वजन उतरलेले काही रुग्ण दुसऱ्यासाठी आले नाहीत, आणि पहिला टप्पाच स्वतंत्र उपचार ठरला. दुसऱ्या परंपरेनुसार इंग्लंडमधील लीड्स येथे जॉन्स्टन यांनी १९८७ पासून केलेली, जठर न काढता त्यात नळी तयार करणारी शस्त्रक्रिया ही स्लीव्हची जननी होय. रचनेतील साम्य पाहता लीड्सचा दावा नाकारता येत नाही. प्रत्यक्ष प्रसार मात्र पहिल्या परंपरेतून झालेला दिसतो. ही परंपरा मान्य केली, तर स्लीव्हनंतर दुसरी शस्त्रक्रिया लागणे ही मूळ आखणीतच धरलेली शक्यता ठरते. ‘तुम्ही पथ्य पाळले नाही’ असे ऐकून मान खाली घालणाऱ्या रुग्णाला ही माहिती मिळायला हवी.

वजन पुन्हा वाढणे : किती वजन वाढले म्हणजे पहिली शस्त्रक्रिया अपुरी ठरली, याची सर्वमान्य व्याख्या नाही. राइनहोल्ड यांच्या १९८२ च्या निकषांवरून जादा वजनाच्या ५० टक्के तरी घट हवी, असा प्रघात पडला. परंतु जादा वजन कोठून मोजायचे? १६० सेंमी. उंचीच्या व ११० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीचे जादा वजन बीएमआय (किग्रॅ.मधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २५ धरल्यास ४६ किग्रॅ. येते, तर आशियाई लोकांसाठी सुचवलेली २३ ची मर्यादा धरल्यास ५१ किग्रॅ. तिचे २४ किग्रॅ. उतरले, तर पहिल्या हिशेबाने ती यशस्वी (५२ टक्के) आणि दुसऱ्याने अयशस्वी (४७ टक्के) ठरते. त्यामुळे अलीकडे मूळ वजनाच्या किती टक्के घट झाली हे पाहण्याकडे कल आहे, आणि तो अधिक प्रामाणिक वाटतो.

काही वजन परत येणे अपेक्षितच असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेले व नंतर हळूहळू चढले. १० वर्षांनी मूळ वजनाच्या तुलनेत घट बायपासनंतर सु. २५ टक्के, तर बँडनंतर सु. १४ टक्के होती. फिनलंडमधील तुलनात्मक चाचणीत १० वर्षांनी जादा वजनातील घट स्लीव्हनंतर सु. ४३ टक्के व बायपासनंतर सु. ५१ टक्के आढळली. त्याच चाचणीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांत, तर बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांत दिसला.

कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. स्लीव्हचा वरचा भाग पहिल्याच वेळी मोठा राहिलेला असतो किंवा संपूर्ण नळी कालांतराने सैल होते. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी आतड्याला जोडणारे तोंड रुंदावते. भूक व तृप्तीची संप्रेरके शरीराला जुन्या वजनाकडे ओढतात. इन्शुलिन, स्टेरॉइड व काही मनोविकारांवरील औषधे वजन वाढवतात. रजोनिवृत्ती, गुडघेदुखीमुळे थांबलेले चालणे, नैराश्य यांचाही वाटा असतो. चघळून खाण्याचा घन आहार लहान जठरात लवकर भरतो, पण गोड पेये, आइस्क्रीम, फरसाण, बिस्किटे सहज उतरत जातात. दिवसभर थोडेथोडे खाणाऱ्याला पोट भरल्याची जाणीव होतच नाही.

तपासणी : शस्त्रक्रिया कोणती करावी यापूर्वी ती मुळात का करावी, याचे उत्तर लागते, ते न शोधता घेतलेला निर्णय धोक्याचा. पहिल्या शस्त्रक्रियेची लेखी नोंद हा सर्वांत मोलाचा कागद होय. जठर किती जाड नळीवर मापून कापले, आतड्याचा कोणता भाग किती सेंमी. वळवला, टाके कोठे घातले, हे बाहेरून कळत नाही. डिस्चार्ज कार्डावर बहुधा शस्त्रक्रियेचे नावच असते. ऑपरेशन नोट वेगळी मागून घ्यावी लागते. त्यानंतर एंडोस्कोपी, बेरियम किंवा सीटी तपासणी, जठरातील आम्ल वर येत असल्यास अन्ननलिकेतील आम्लता व दाब यांचे मापन, रक्तातील लोह, ब१२, ड जीवनसत्त्व, प्रथिने, थायरॉइड यांची चाचणी, आणि आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांची भेट असा क्रम असतो. रचनेत दोष नसेल आणि खाण्याचे वळण बिघडलेले असेल, तर दुसऱ्यांदा पोट कापून फारसे साधत नाही.

पद्धतींची निवड : स्लीव्हनंतर छातीतील जळजळ व आम्ल वर येणे हा मुख्य त्रास असल्यास रू-पद्धतीच्या (आतड्याची इंग्रजी Y सारखी, दोन जोडांची मांडणी असलेल्या) बायपासला बहुतेकांची पसंती असते. तीत जठराची सु. ३० मिलि.ची पिशवी राखतात, म्हणून आम्ल थोडेच तयार होते, आणि यकृतातून येणारे पित्त दूरच्या जोडावर अन्नात मिसळत असल्याने ते अन्ननलिकेकडे येत नाही. केवळ वजन वाढले असेल, तर एकाच जोडाचा बायपास (रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला, बोलीत मिनी बायपास) किंवा माद्रिदमध्ये २००७ मध्ये पुढे आलेली आद्यांत्राला (लहान आतड्याच्या पहिल्या भागाला) एकच जोड देणारी शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. मिनी बायपासमध्ये जठरात पित्त येण्याची शक्यता राहते, म्हणून आधीच दाह असलेल्यांना तो सहसा टाळावा.

आतडे किती वळवायचे हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. लहान आतड्याची लांबी व्यक्तिपरत्वे सु. ४ मी.पासून ८ मी.पेक्षा अधिक असते. सर्वांना सरसकट २०० सेंमी.चा बायपास केल्यास आखूड आतड्याच्या रुग्णात प्रथिनांची कमतरता, सूज व सतत जुलाब उद्भवतात. म्हणून संपूर्ण आतडे मोजून, अन्न वाहणारा भाग सु. ३०० ते ४०० सेंमी. उरेल असे पाहण्याचा प्रघात वाढत आहे. मोजण्यात वेळ जातो, पण तो वाचवू नये.

बायपासनंतर वजन वाढल्यास पर्याय कमी असतात. रुंदावलेले तोंड एंडोस्कोपीतून टाके घालून लहान करता येते. धोका कमी, परिणामही मर्यादित. जोड आणखी खाली नेल्यास वजन उतरते, परंतु कुपोषणामुळे काहींना तो जोड परत वर आणावा लागतो. पुनर्शस्त्रक्रियेत आतील अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, जुन्या टाक्यांजवळ रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे गळती, रक्तस्राव व पुन्हा दाखल होण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो आणि वजनातील घट सहसा पहिल्याइतकी होत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत जोडावर व्रण होतो, म्हणून ते आधी थांबवणे आवश्यक असते.

औषधोपचार : भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये व वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. रचनेतील दोष नसलेल्या रुग्णाला आता दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी ही इंजेक्शने देऊन पाहता येतात. ती थांबवल्यावर वजन परत वाढते, आणि खर्च दीर्घकाळ चालतो.

नाशिक परिसर : शहरातील खाजगी रुग्णालयांत दुर्बिणीद्वारे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया होतात. गुंतागुंतीच्या पुनर्शस्त्रक्रियेसाठी मुंबई (सु. १७० किमी.) किंवा पुणे (सु. २१० किमी.) गाठले, तरी दर तीन-सहा महिन्यांच्या तपासण्या व आहारसल्ला नाशिकमध्येच चालू राहील अशी व्यवस्था आधी लावणे हिताचे, कसारा घाट ओलांडून वर्षानुवर्षे फेऱ्या मारणे फार थोड्यांना जमते. आरोग्य विमा नियमनाच्या २०१९ च्या निकषांत शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५, अशी अट आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बीएमआय ३३ वर अडकलेला रुग्ण या दोहोंच्या मध्ये सापडतो. छातीतील जळजळ किंवा सरकलेला बँड यांसारखी गुंतागुंत असल्यास दावा वजनाच्या नव्हे, तर त्या आजाराच्या नावाने मांडण्याविषयी शल्यविशारदाशी बोलावे.

आहाराचे स्थानिक प्रश्न वेगळे आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्यांमुळे जेवणाच्या वेळा ठरत नाहीत. मिसळीची तर्री स्लीव्हनंतरची जळजळ वाढवते. निफाड-पिंपळगाव भागात घरोघरी असणारे बेदाणे मूठभरातही बरीच साखर देतात. चतुर्थी-एकादशीच्या साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात, तर पुनर्शस्त्रक्रियेनंतर रोज ६० ते ८० ग्रॅ. प्रथिने लागतात, शाकाहारी व्यक्तीने पनीर, दही, मोड आलेली कडधान्ये, सोयाबीन व आवश्यक तर प्रथिनांची पूड यांवर भर द्यावा. ब१२ व लोह यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आजन्म चालू ठेवावी लागतात. बायपासनंतर मद्य झपाट्याने रक्तात भिनते व व्यसनाचा धोका वाढतो, हे द्राक्षमद्याच्या या प्रदेशात स्पष्ट सांगायला हवे.

बायपास झालेल्या व्यक्तीच्या पोटात अचानक तीव्र कळ आल्यास आतडे जोडांमधील फटीत अडकलेले असू शकते. साधा एक्स-रे अशा वेळी निर्दोष दिसू शकतो, आणि काही तासांच्या विलंबाने आतडे गमवावे लागते. सुरगाणा, पेठ किंवा इगतपुरीकडून येणाऱ्या रुग्णाने, अथवा त्याच्या सोबत्याने, पहिल्याच डॉक्टरला ‘बायपास झाला आहे’ असे सांगून सीटी तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पोहोचावे. ‘बायपास’ म्हटल्यावर हृदयाचा असा समज होतो, म्हणून तो पोटाचा आहे हेही सांगावे.