धमन्यांचा ताठरपणा आणि रक्तदाब

धमन्यांच्या भित्ती लवचीकपणा गमावून कडक होतात, त्या अवस्थेला धमन्यांचा ताठरपणा म्हणतात. उच्च रक्तदाबामुळे धमन्या ताठर होतात हे खरे, पण ही अर्धीच गोष्ट आहे. ताठर धमन्याही रक्तदाब वाढवतात आणि उतारवयात बऱ्याचदा सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीत, येते. त्यातला मोठा भाग महाधमनी फुगून सामावून घेते आणि हृदय विसावले की आकसत पुढे सोडते. त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधेही रक्तप्रवाह चालू राहतो. इंग्रज शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये या कामाची तुलना आगीच्या बंबातील, पाण्याची धार अखंड ठेवणाऱ्या हवेच्या कप्प्याशी केली होती. महाधमनी ताठर झाली की ही सोय जाते. ठोक्याचा सगळा जोर भित्तीवर येऊन वरचा (सिस्टॉलिक) दाब चढतो, तर मागे साठा न उरल्याने खालचा (डायास्टॉलिक) दाब उतरतो. १६०/७० हे अशा रक्तदाबाचे नेहमीचे उदाहरण. खालचा आकडा ‘छान’ दिसतो म्हणून निर्धास्त राहणे इथे चुकीचे ठरते, कारण दोन आकड्यांतले ९० चे अंतर हेच ताठरपणाचे लक्षण असते. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः विसाव्याच्या काळातच मिळते आणि तेव्हाचाच दाब कमी झालेला असतो. मेंदू व मूत्रपिंडांतील नाजूक केशवाहिन्यांवर ठोक्यांचा मारा थेट होतो, तो वेगळाच.

भित्तीला लवचीकपणा देणारे इलॅस्टिन या प्रथिनाचे तंतू मुख्यतः जन्माआधी व बालपणी तयार होतात. वर्षानुवर्षांच्या ताणाने ते तुटतात, त्यांची जागा कोलॅजेन हे कडक प्रथिन घेते. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात ही झीज वेगाने होते, भित्तीच्या मधल्या थरात कॅल्शियमही साचते. आतल्या अस्तरात चरबीचे थर साचण्याचा विकार (अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस) वेगळा, जरी दोन्ही पुष्कळदा एकत्र आढळतात.

ताठरपणा मोजण्यासाठी मानेपासून जांघेपर्यंत नाडीची लहर किती वेगाने पोचते ते पाहतात. वेग सेकंदाला १० मीटरहून जास्त असल्यास धोका वाढलेला मानतात. मात्र दाब वाढलेला असताना ताणलेली धमनी तेवढ्यापुरती अधिकच कडक होते, म्हणून त्या वेळचा रक्तदाब शेजारी नोंदवल्याशिवाय या आकड्याला फारसा अर्थ नाही. औषधांनी दाब उतरला की हा वेगही काहीसा कमी होतो. तुटलेले इलॅस्टिन मात्र पूर्ववत होत नाही.