नवशिक्याची मोटरसायकल: वजन कुठे जाणवते, कुठे नाही

नव्याने मोटरसायकल घेणारा माणूस आधी विचारतो, इंजिन किती सीसीचे? मग मायलेज, मग रंग. गाडीचे वजन किती, हा प्रश्न सहसा निघतच नाही. माहितीपत्रकातही तो आकडा खालच्या कुठल्या तरी ओळीत असतो. माझ्या मते नवशिक्याने तोच सगळ्यात आधी पाहावा. पण हलक्या गाडीचा फायदा अनेकांना वाटतो तिथे नसतो, म्हणून त्याचे भौतिकशास्त्र नीट समजून घेतलेले बरे.

आधी उभी गाडी घेऊ. गाडी सरळ असते तोवर तिचा सगळा भार टायरांवर असतो, हातांवर काहीच नसतो. ती थोडी कलली की गुरुत्वमध्य, म्हणजे गाडीचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, टायरांच्या रेषेबाहेर सरकतो आणि गाडीचे वजनच तिला पाडू लागते. समजा, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि आपण एक मीटर उंचीवर हँडल धरले आहे. २०० किलोची गाडी १० अंश कलली तर तिला थोपवायला साधारण १९ किलोचा जोर लागतो. २० अंशांवर तो ३८ किलो होतो आणि ३० अंशांवर ५५. १२० किलोच्या गाडीसाठी हेच आकडे ११, २३ आणि ३३ आहेत. दहा अंशांपर्यंत दोन्ही गाड्या सावरता येतात. वीस अंशांवर मात्र कमरेत वाकून, एका बाजूने ३८ किलो पेलणे बहुतेकांना जमत नाही, तेवीस किलो जमून जाते.

गंमत अशी की दोन्ही गाड्या पडतात जवळपास सारख्याच वेगाने. पाडणारा जोर वस्तुमानाच्या पटीत वाढतो आणि जडत्वही, म्हणजे हालचालीला होणारा गाडीचा विरोधही, त्याच पटीत वाढते, त्यामुळे वस्तुमान हिशेबातून गळून जाते. दोन अंशांचा कल वीस अंशांवर जायला सेकंदभर वेळ लागतो, फार तर थोडा अधिक. हलकी गाडी तुम्हाला जास्त वेळ देत नाही. तेवढ्याच वेळात तुमचा हात मात्र पुरा पडतो.

वस्तुमान असे गळून जाणे रस्त्यावरही वारंवार दिसते. २० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३६ किलोमीटरने घ्यायचे तर गाडी सुमारे २७ अंश कलवावी लागते, मग ती १२० किलोची असो वा २०० किलोची. ब्रेकचेही तसेच आहे. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड सारखी धरली, घर्षणांक (पकडीचे माप) ०.७ मानला, तर ताशी ६० वरून थांबायला दोन्ही गाड्यांना साधारण २० मीटर लागतात. त्याआधी ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात आणखी १७ मीटर गेलेले असतात. हलकी गाडी चटकन थांबते हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. थांबण्याचे अंतर ठरवतात टायर, रस्ता, वेग आणि चालकाचा हात. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेली गाडी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी.

चालकाचा हात म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासात फार स्पष्ट दिसले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध झाला. अपघाताच्या क्षणी बहुतेक चालक मागचा ब्रेक करकचून दाबत होते आणि पुढचा पुरेसा दाबत नव्हते. खरे तर जोरात ब्रेक लावल्यावर भार पुढच्या चाकावर येतो, एकूण वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पकडही तिथेच असते. शिवाय हँडलला उलटा दाब देऊन गाडी अडथळा चुकवून पुढे काढण्याचे कौशल्य जवळपास कोणातच आढळले नाही.

हा उलटा दाब नवख्याला पटतच नाही. डावीकडे वळायचे तर डावी मूठ क्षणभर पुढे ढकलायची. चाके किंचित उजवीकडे जातात, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. विमान बनवण्याआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या विल्बर राइट यांनीही हे टिपले होते की सायकलस्वार हेच करतात, पण आपण काय करतो ते त्यांना ठाऊक नसते. वजनाचा फरक इथे खरोखर जाणवतो. कलण्याचा कोन वजनावर ठरत नसला, तरी त्या कोनापर्यंत गाडी किती जोर लावून न्यावी लागते ते तिच्या जडत्वावर ठरते. हलकी गाडी, विशेषतः हलक्या चाकांची, थोड्या दाबालाही लगेच प्रतिसाद देते. हाताने काय केले आणि गाडीने काय केले याचा मेळ डोक्यात लवकर बसतो. शिकण्यासाठी यापेक्षा मोलाचे काही नाही.

आणि मग कमी वेग. धावणारी गाडी हँडलच्या बारीक हालचालींनी चाके गुरुत्वमध्याखाली आणत तोल सांभाळते. पण हा परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: वेग निम्मा झाला की हँडलच्या तेवढ्याच हालचालीचा परिणाम पाव उरतो. म्हणून यू-टर्न घेताना, गर्दीत सरकताना, चढावर थांबताना गाडी जड भासते आणि पाय टेकावा लागतो. नवशिके बहुतेक वेळा पडतात ते इथेच.

आता आकडा वाचण्याबद्दल. ‘कर्ब वेट’ पाहा, म्हणजे पेट्रोल-ऑइलसह चालवायला तयार गाडीचे वजन. ‘ड्राय वेट’मध्ये पेट्रोल धरलेले नसते, बऱ्याचदा ऑइल आणि बॅटरीही नसते. बारा लिटर पेट्रोलच सुमारे नऊ किलो भरते, आणि टाकी बहुधा वरच्या बाजूला असल्याने ते वजन गुरुत्वमध्य वर नेते. सीटच्या उंचीबरोबर सीटची रुंदीही बघा. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि उंची कमी असूनही टाच जमिनीला लागत नाही.

वजन कमी पण ताकद भरपूर, असे असले तर सगळे मुसळ केरात. युरोपीय संघाच्या परवाना नियमांत पहिल्या टप्प्याच्या मोटरसायकलवर म्हणूनच तीन बंधने आहेत: १२५ सीसी, ११ किलोवॉट, आणि दर किलो वजनामागे ०.१ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद नको.

हलकेपणाची किंमतही मोजावी लागते. बाजूने येणारा तोच वारा हलक्या गाडीला जास्त ढकलतो. खड्ड्यातला दणकाही तिच्यावर अधिक बसतो, कारण तिच्या चाकांचे वजन उरलेल्या गाडीच्या मानाने कमी नसते. रोज मोकळ्या महामार्गावर, मागे कोणाला तरी बसवून लांब जायचे असेल, तर १४०-१५० किलोच्या आसपासची गाडी मला अधिक योग्य वाटते.

घेण्याआधी दुकानातच एक करून पाहा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. बाजूला उभे राहून स्टँड काढा, हँडल पूर्ण वळवून गाडी मागे ढकला, मग बसून पायांनी मागे न्या. थोडासा चढ असेल तर तिथेही न्या. दोनदा दम घ्यावा लागला, तर तिच्याहून दहा-पंधरा किलो हलकी दुसरी मागा.