वाय-फाय रोमिंगच्या तक्रारींमागचा इतिहास

लातूरमधील शिकवणी वर्गांची वसतिगृहे, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील गोदामे, नांदेडमधील मोठी रुग्णालये अशा ठिकाणी एकाच इमारतीत अनेक ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या पेट्या) बसवण्याची पद्धत रूढ झाली आणि तिच्याबरोबर ‘रेंज फुल दाखवतो, पण नेट चालत नाही’ ही तक्रारही आली. दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या विद्यार्थ्याचा फोन तळमजल्याच्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो, तर गोदामात फिरणाऱ्या कामगाराच्या हातातील स्कॅनर मधेच सर्व्हरपासून तुटतो. दोष बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्याच्या माथी मारला जातो. मूळ मात्र १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०२.११ या वाय-फायच्या मूळ तांत्रिक मानकात आहे.

त्या मानकाने ॲक्सेस पॉइंट केव्हा बदलायचा, म्हणजेच रोमिंग कधी करायचे, हा निर्णय फोन, स्कॅनर अशा वापरकर्त्याच्या उपकरणावर सोपवला. जीएसएम मोबाईलमध्ये हँडसेट केवळ आजूबाजूच्या टॉवरची मोजमापे कळवतो आणि कॉल कुठे सोपवायचा हे नेटवर्क ठरवते. वाय-फायमध्ये तसे नाही. पुन्हा जोडणी करण्याची रीत मानकात होती, पण जुना ॲक्सेस पॉइंट कोणत्या क्षणी सोडावा हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने ठरवले. ॲपलने आपले निकष जाहीर केले आहेत: सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचे एकक) खाली घसरल्यावर आयफोन शोध सुरू करतो आणि डेटा चालू असताना नवा सिग्नल किमान ८ डीबीने सरस असेल, तरच तिकडे जातो. एवढा मोकळेपणा सगळेच उत्पादक दाखवत नाहीत.

ॲक्सेस पॉइंटनी आपसात संवाद साधावा यासाठी २००३ मध्ये आलेली ८०२.११एफ ही शिफारस २००६ मध्ये मागे घेण्यात आली. बाजाराने तोवर सगळे ॲक्सेस पॉइंट एका जागेवरून हाताळणाऱ्या मध्यवर्ती कंट्रोलरचा मार्ग धरला होता आणि प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर मुख्यतः आपल्याच ॲक्सेस पॉइंटना ओळखत होता. दर खेपेस सर्वांत स्वस्त निविदा मंजूर करून एकाच इमारतीत तीन कंपन्यांचा माल लावणाऱ्या संस्थांना हा इतिहास आजही महागात पडतो.

मेरीलँड विद्यापीठातील २००३ च्या अभ्यासात आढळले की, ॲक्सेस पॉइंट बदलण्यास लागणाऱ्या वेळेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वेळ नवा ॲक्सेस पॉइंट शोधण्यातच जातो. त्यात २००४ च्या ८०२.११आय सुरक्षा मानकाची भर पडली. वापरकर्त्याची ओळख सर्व्हरकडून पटवून घेणाऱ्या नेटवर्कमध्ये, आधीची किल्ली (संवाद गुप्त ठेवणारा सांकेतिक आकडा) जपून ठेवलेली नसेल तर, प्रत्येक बदलाच्या वेळी ती सारी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. वाळूजच्या कारखान्याचा हा सर्व्हर पुण्याच्या मुख्य कार्यालयात असेल, तर विलंब आणखी वाढतो.

यावर २००८ मध्ये दोन उपाय आले. ८०२.११आरमुळे किल्ल्यांची देवाणघेवाण झटपट उरकते, तर ८०२.११केमुळे उपकरणाला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची यादी आयती मिळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतात ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाल्यावर या यादीचे मोल वाढले, कारण त्यातील रडारसाठी राखलेल्या वाहिन्यांवर उपकरणाला स्वतःहून हाक देता येत नाही आणि ॲक्सेस पॉइंटकडून साधारण दर १०० मिलिसेकंदांनी येणाऱ्या बीकनची (‘मी इथे आहे’ असे सांगणाऱ्या संदेशाची) वाट पाहावी लागते. २०११ च्या ८०२.११व्हीने नेटवर्कला ‘तिकडे जा’ असे सुचवण्याची सोय दिली, परंतु ती सूचना मानण्याचे बंधन उपकरणावर नाही.

त्यामुळे कंट्रोलरच्या नोंदी तपासण्याआधी तक्रार कोणत्या उपकरणांची आहे हे विचारणे अधिक फलदायी ठरते. सगळ्यांचीच असेल तर संशय ॲक्सेस पॉइंटच्या प्रक्षेपणशक्तीवर जातो. आपल्याकडे दगडी भिंती भेदण्यासाठी ती सर्रास कमाल ठेवली जाते. मग फोनला ॲक्सेस पॉइंट दुरूनही स्पष्ट ऐकू येतो, पण फोनचा क्षीण सिग्नल तिथवर नीट पोहोचत नाही, आणि फुल रेंज दिसत असल्यामुळे फोन दुसरीकडे जाण्याचे नावही काढत नाही. तक्रार केवळ जुन्या स्कॅनरची असेल तर ८०२.११आर बंद असलेले वेगळे वाय-फाय नाव त्यांना दिले जाते, कारण अशी काही उपकरणे ते चालू असलेल्या नेटवर्कला जोडलीच जात नाहीत.