मुक्काम कुठे करायचा? मोटरहोमच्या भटकंतीमागचा इतिहास

गाडीत झोपायची सोय करणं माणसाला फार लवकर जमलं. ती गाडी रात्री उभी कुठे करायची, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. मोटरहोम म्हणजे राहायची सोय असलेली मोटार; पण घरगाडी घेऊन रानावनात, डोंगरदऱ्यांत हिंडण्याचा छंद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. एवढ्या काळात इंजिनं बदलली, पलंग बदलले, आतले ओटे बदलले. भांडणं मात्र बहुतेक वेळा जागेचीच राहिली.

ब्रिटनमधल्या भटक्या रोमा कुटुंबांच्या लाकडी घरगाड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रस्त्यांवर दिसत होत्या. पण ती त्यांची राहती घरं होती. निव्वळ हौसेखातर तशी गाडी बांधून घेणाऱ्यांत पहिलं नाव येतं ते विल्यम गॉर्डन स्टेबल्सचं. नौदलातून निवृत्त झालेला हा स्कॉटिश डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहायचा. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची गाडी करवून घेतली. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे, बरोबर गाडीवान, नोकर, कुत्रा आणि एक पोपट. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरून येणाऱ्यांना सावध करी. एवढा लवाजमा घेऊन स्टेबल्स इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. वेग घोड्यांच्या संथ चालीचा. त्यामुळे कुंपणावरचा पक्षीही नीट बघून होई. पुढच्या शंभर वर्षांत गाड्यांनी वेग कमावला आणि नेमकी ही चैन गमावली, असं माझं मत आहे.

स्टेबल्सचं पाहून इतरांनीही गाड्या बांधल्या आणि १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन (म्हणजे घरगाडी) क्लब स्थापन झाला. स्टेबल्स त्याचा उपाध्यक्ष होता. क्लबच्या सुरुवातीच्याच उद्दिष्टांत सभासदांसाठी तळाच्या जागा ठरवून देणं हे काम होतं. म्हणजे मोटार या छंदात अजून शिरायची होती, तेव्हाही अडचण तीच होती.

मोटार आली ती श्रीमंतांच्या दारातून. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘टूरिंग लँडो’ ही मोटार मांडली. मागची बैठक उलगडली की पलंग व्हायचा, शौचासाठी भांडं होतं आणि पुढे बसलेल्या चालकाशी बोलायला टेलिफोन. निसर्गात रमायचं, पण चालकाला हाक मारायचेही कष्ट नकोत!

त्याच दशकात हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वी फायरस्टोन बहुतेक उन्हाळ्यांत मोटारींचा ताफा घेऊन तंबूत राहायला निघू लागले. त्यांच्यासोबत अनेकदा जॉन बरोज हा पांढऱ्या दाढीचा निसर्गलेखक असे. गंमत अशी की मोटारीमुळे रानाची शांतता आणि निसर्गाची गोडी दोन्ही जातील, असं हा बरोज सांगत होता. पक्षिप्रेमी फोर्डने वाद घालण्याऐवजी त्याला आपली एक मॉडेल-टी मोटार भेट दिली. बरोज ती चालवू लागला आणि पक्षी शोधत दूरवर जाऊ लागला. त्याची भीती चुकीची होती असं मात्र नाही. पुढे अमेरिकेच्या अरण्यांत जे घडलं, त्यातून ती बरीच खरी ठरली.

तेही जागेपासूनच सुरू झालं. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे ‘टिन कॅन टुरिस्ट’ ही संघटना उभी राहिली. डबाबंद अन्न खात हिंडणारे हे लोक ओळख म्हणून रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा बसवत. तळ स्वच्छ ठेवणं हा त्यांचा नियमच होता, कारण रस्त्याकडेला मुक्काम करून कचरा टाकून जाणाऱ्यांवर शेतकरी चिडलेले होते. गावांनी आधी व्यापार वाढेल म्हणून फुकट तळ उघडले. मग गर्दी आवरेना, तेव्हा त्यांवर पैसे लावले.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात खासगी मोटारींना प्रवेश मिळाला १ ऑगस्ट १९१५ रोजी. दोनच वर्षांत तिथल्या प्रवासी घोडागाड्या गेल्या आणि बसगाड्या आल्या. अस्वलांना हे फार लवकर कळलं. गाडी थांबते, काच खाली येते, खाऊ मिळतो! प्राण्यांना खायला घालायला १९०२ पासून बंदी होती, पण ती कागदावरच. रस्त्याच्या कडेला अस्वलांनी भीक मागणं हेच उद्यानाचं आकर्षण होऊन बसलं. १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी वर्षाला सरासरी ४८ माणसांना जखमी केलं आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या घटना वर्षाला शंभरावर गेल्या. अखेर १९७० मध्ये बंदी कडकपणे राबवायला घेतली, अस्वलांना उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या बसवल्या आणि कचऱ्याचे उघडे डेपो बंद केले. त्यांवर पोसलेली ग्रिझली अस्वलं माणसांच्या वस्त्यांकडे वळली आणि कित्येक मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालावं लागलं. आज तिथे अस्वल आणि लांडगे यांच्यापासून किमान ९१ मीटर, तर बायसन, एल्क (एक मोठं हरीण) वगैरेंपासून २३ मीटर अंतर राखावं लागतं. मोटरहोमवाल्यांसाठी आणखी एक शिस्त आली: जेवण, भांडी, कचरा काहीही बाहेर ठेवायचं नाही.

तरीही वन्यजीव बघायला मोटरहोमसारखं साधन नाही, हे मान्य करायला हवं. बरेच प्राणी पहाटे आणि संध्याकाळी हिंडतात, आणि मुक्कामच जवळ असेल तर त्या वेळा आपसूक साधतात. शिवाय उतरलेल्या माणसापेक्षा इंजिन बंद करून उभी असलेली गाडी अनेक प्राणी सहज खपवून घेतात.

युरोपात हे साधन सामान्यांच्या हातात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्सने १९३१ मध्येच आपल्या चित्रकार वाग्दत्त वधूसाठी ‘वोनआउटो’ नावाची ओढायची घरगाडी बांधली होती. पण खरा पल्ला मारला तो वेस्टफालिया कंपनीच्या १९५१ मधल्या ‘कॅम्पिंग बॉक्स’ने. फोक्सवॅगनच्या मालवाहू गाडीत हे फर्निचर बसवलं की सुट्टीचं घर तयार, काढलं की सोमवारी गाडी पुन्हा धंद्याला. अमेरिकेत विनिबेगो कंपनीने १९६६ पासून असेंब्ली लाइनवर मोटरहोम बांधायला घेतली आणि किंमत प्रतिस्पर्ध्यांच्या जवळपास निम्म्यावर आणली. १९७३ मध्ये जनरल मोटर्सही या धंद्यात उतरली. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी, आतला तळ बुटका असलेली सुरेख गाडी तिने काढली, आणि त्याच वर्षी तेलाचं संकट आलं. १९७८ मध्ये ते उत्पादन थांबलं.

गाड्या वाढल्या तसे कायदेही आले. स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवरून पायी फिरण्याचा, रात्रभर तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना आहे. पण १९७५ च्या कायद्याने उघड्या जमिनीवर मनमानी गाडी हाकायला मनाई केली. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानेही रानात वावरायचा हक्क दिला, मोटारीला वगळून. दोन्हीकडे चालणाऱ्याला मोकळीक आणि चाकाला लगाम.

न्यूझीलंडने वेगळा मार्ग धरला. तिथे रग्बी विश्वचषकाच्या तोंडावर, २०११ मध्ये, फ्रीडम कॅम्पिंगचा, म्हणजे ठरलेल्या तळांबाहेरच्या मुक्कामाचा, कायदा झाला. त्याने मोकळ्या मुक्कामाला परवानगी दिली आणि कुठे बंदी घालायची ते स्थानिक संस्थांवर सोपवलं. स्वतःचं सांडपाणी साठवू शकणाऱ्या गाड्यांना जास्त जागा खुल्या राहिल्या. मग अशा गाडीत खरोखर शौचालय आहे की पलंगाखाली नुसता एक हलता डबा, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २०२३ च्या दुरुस्तीने तो मिटवला: शौचालय गाडीत कायमचं बसवलेलं हवं, तरच प्रमाणपत्र.