तलंग की कोंबडा? तुरा सोडा, पाठ बघा

आखाड जवळ आला की मोबाइलवर फोटो यायला लागतात. अडीच-तीन महिन्यांचं गावरान पिल्लू, कोणीतरी पंख धरून कॅमेऱ्यासमोर उचललेलं, आणि खाली प्रश्न: "जिभाऊ, हाई तलंग शे का कोंबडा?" फोटोत काय दिसतं, तर चोच, डोळा आणि तुरा. तुरा लाल दिसला की आजूबाजूचे सगळे छातीठोकपणे सांगणार, "कोंबडाच शे." फिका दिसला की तलंग, म्हणजे तरणी कोंबडी. या हिशोबात दरवर्षी कित्येक चांगल्या तलंगा रश्श्यात जातात, आणि अंड्यांसाठी जपलेली 'तलंग' दिवाळीच्या पहाटे भिंतीवर चढून आरवते.

मोठ्या पक्ष्यांबद्दल इथे काही सांगत नाही. वर्षाचा कोंबडा आणि वर्षाची कोंबडी खेड्यातलं शेंबडं पोरही ओळखतं. गोंधळ आहे तो दीड महिन्यापासून पाच महिन्यांपर्यंतच्या वयाचा. त्याआधीचा सगळा प्रकार तर निव्वळ अंदाजपंचे आहे, तो आधी निकालात काढतो.

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलं आहे आणि अजूनही शिकली-सवरली माणसं ऐकवतात. कोणी अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी फिरवतं. कोणी पिल्लाला उलटं धरून पाय आखडतं की सोडतं ते बघतं. यातलं एकही खरं नाही. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे दोन्ही लिंग-गुणसूत्रं सारखी असतात, कोंबडीकडे दोन वेगळी. बलकात यातलं कोणतं उतरलं यावर निकाल लागतो, आणि तोही अंड्यावर कवच चढण्याच्या कितीतरी आधी. कवचाचा आकार कोंबडीच्या अंगात नंतर घडतो, त्याला आतल्या जिवाची खबर नसते. तरी समजूत टिकते, कारण निम्म्या वेळा ती आपसूक खरी ठरते आणि उरलेल्या वेळा कोणी लक्षात ठेवत नाही.

दुसरा ताप म्हणजे पंख पसरून दाखवणारे व्हिडिओ. एक दिवसाच्या पिल्लाचा पंख उलगडायचा, खालची पिसं वरच्यापेक्षा लांब असली तर मादी, सारखी असली तर नर. ही युक्ती खोटी नाही, पण ती काही ठरावीक संकरांतच चालते. त्यांत बाप लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा फुटणाऱ्या वाणाचा मुद्दाम जुळवलेला असतो. त्यातही जन्मानंतरचे दोन-तीन दिवसच, पुढे फरक बुजतो. तुमच्या खुराड्यातली कोंबडी कोणत्या कोंबड्यापासून भरली हे जिथे तुम्हालाच ठाऊक नाही, तिथे तिच्या पिल्लांचे पंख ओढून काय मिळणार? पिल्लांना त्रास, एवढंच. रंगावरून ओळखू येणाऱ्या जातींचंही असंच आहे, जोडी ठरवून लावलेली असते म्हणून रंग बोलतो.

"मग नवापूरचे पोल्ट्रीवाले कसे ओळखतात?" असं विचारतात. ते ओळखतच नाहीत. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर म्हणजे लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या, कोंबड्यांचं गाव, पक्ष्यांची संख्या लाखांच्या घरात. (२००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेही हेच नवापूर, म्हणून नाव सगळ्यांना माहीत.) तिथे येणारी पिल्लं हॅचरीतच निवडलेली असतात. एक दिवसाच्या पिल्लाचं मलद्वार हलकेच उघडून आतल्या बारीक उंचवट्यावरून ओळखायची पद्धत जपानी संशोधकांनी १९२०च्या दशकात बसवली. ती हातात यायला लांबचं शिक्षण लागतं. घरी करून बघू नका, पिल्लू मरतं.

हॅचरीत निवड झाली की लेअर जातीच्या नर पिल्लांना काही किंमत राहत नाही, ती अंडी देत नाहीत आणि अंगानंही भरत नाहीत. गल्लीत सायकलवर गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं विकायला येतात ना, ती बहुतेक हीच. पोराच्या हट्टापायी घेतली तर घ्या, पण "मोठी झाली की अंडी देतील" असं त्याला सांगू नका.

आता मूळ मुद्दा, तुरा.

तुरा लाल होणं ही नराची खूण आहे, हे अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरं असल्यामुळेच एवढं नडतं. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्लं शेजारी शेजारी उभी करा. नरांचा तुरा वाढायला लागलेला असतो, गुलाबी होऊन लाल होत असतो, चोचीखालचे लोलकही दिसू लागतात. तलंगांचा तुरा तेव्हा फिकट पिवळसर, बुटका, जागच्या जागी. त्या वयात आणि सख्ख्या भावंडांत तुरा चांगली साक्ष देतो. या दोन अटी लोक विसरतात.

कारण तलंगेचा तुराही लाल होतो, फक्त उशिरा. अंड्यावर यायच्या आधीच्या काही आठवड्यांत तिचा तुरा भराभर वाढतो आणि चांगला रसरशीत लाल होतो. लेअर जातीत हे साडेचार-पाच महिन्यांच्या आसपास, गावरानात सहाव्या-सातव्या महिन्याकडे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचा लाल तुरा सांगतो की हा कोंबडा आहे, आणि सहा महिन्यांच्या पक्ष्याचा तसाच लाल तुरा सांगू शकतो की ही आता अंडी देणार. नेमकी हीच बाजारात विकली जाते, 'कोंबडा' म्हणून, महिनाभर थांबलं असतं तर घरात अंडी आली असती. उलटही होतं. जंत झालेला, उवा लागलेला किंवा अर्धपोटी कोंबडा तुऱ्यानं फिका पडतो आणि तलंगांत खपून जातो.

असं का होतं ते कळलं की गोंधळ कायमचा मिटतो. तुरा नर-हार्मोनवर वाढतो. १८४९ साली जर्मनीत बेर्थोल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं तरण्या कोंबड्यांचे वृषण काढले तर त्यांचे तुरे मिटले, आरवणं आणि भांडणं थांबलं. काहींच्या पोटात वृषण परत ठेवले तर ते पुन्हा आरवायला लागले. हार्मोनच्या शास्त्राची सुरुवात या प्रयोगापासून धरतात. पण नर-हार्मोन थोडं कोंबडीच्या अंगातही असतं, आणि अंड्यावर येताना वाढतं. म्हणून तिचाही तुरा लाल. तुरा फार तर एवढं सांगतो की पक्षी वयात येतोय. कोण वयात येतंय, ते त्याला विचारू नये.

पिसांचं गणित अगदी वेगळं. कोंबड्याची झळझळीत पिसं नर-हार्मोनमुळे येतात असं वाटतं, पण तसं नाही. मादी-हार्मोन असलं की पिसं गोल आणि साधी फुटतात, नसलं की लांब, टोकदार आणि चमकदार. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसतो, पण पिसारा कोंबड्याचाच राहतो. आणि म्हाताऱ्या किंवा आजारी कोंबडीचं बीजकोश निकामी झालं (कोंबडीत डावं एकच कामाचं असतं) की पुढच्या पिसझडीनंतर तिला कोंबड्याची पिसं फुटतात, कधी ती आरवतेही. लोक अपशकुन म्हणून तिची मुंडी मुरगळतात. बिचारीचं बीजकोश बिघडलेलं असतं, बाकी काही नाही.

म्हणून माझा आग्रह पिसांचा, आणि पिसांतही पाठीच्या मागच्या भागाचा, शेपटी जिथे सुरू होते तिथल्या पिसांचा. पहिल्या दोनेक महिन्यांची पिसं नर-मादीची सारखीच असतात, त्यांत शोधून काही सापडत नाही. ती गळून नवी फुटायला लागली की, दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून पुढे, खरं चित्र उमटतं. दिवेलागणीला पक्षी खुराड्यात शिरला की शांतपणे उचला, काखेत धरा, शेपटीच्या अलीकडची पिसं बोटानं उलटी सारा आणि आतून नवीन फुटत असलेलं एक पीस उजेडात धरून बघा. नराचं पीस निंबाच्या पानासारखं निमुळतं, टोकाशी अणकुचीदार. त्याच्या कडेचे धागे एकमेकांत अडकलेले नसतात, म्हणून कड झिरझिरीत दिसते आणि उजेडात चमकते. मादीचं पीस रुंद, टोक गोल, कड घट्ट विणलेली, चमक बेताची. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की पुन्हा कोणाला फोटो पाठवायची गरज पडणार नाही.

मानेची पिसं बघू नका, असं मी मुद्दाम सांगतो. सगळे मान बघतात, कारण ती समोर असते. पण कोंबडीच्या मानेचीही पिसं बऱ्यापैकी निमुळती असतात, गावरानात तर कित्येक तलंगांची मान सोनेरी झळकते. तिथे फसायला होतं. पाठ फसवत नाही.

या पाठीच्या पिसांआधी, आठव्या-दहाव्या आठवड्याला, गावरान नराच्या खांद्यावर तांबूस-लाल किंवा भडक रंगाचा ठिपका कधीकधी उठतो, बाकी अंगाशी न जुळणारा. तलंगेचा रंग अंगभर एकसारखा, किंवा नक्षी असली तरी सारखी पसरलेली. ही खूण चांगली आहे, पण पांढऱ्या आणि निव्वळ काळ्या पक्ष्यात तिचा उपयोग नाही.

बाकीच्या खुणा झटपट. जाड पाय: वनराज, गिरिराज या सुधारित जातींच्या तलंगांचेही पाय जाड असतात. आरवणं: पक्कं आहे, पण तोवर निकाल लागलेलाच असतो. पायामागची नखी: तरण्या कोंबड्याला नुसतं बोंड असतं, आणि म्हाताऱ्या कोंबडीलाही नखी येते. भांडणं: दीड महिन्याच्या तलंगाही छाती काढून एकमेकींवर धावतात, त्यावरून काही ठरवू नका.

जातीचा फरक मात्र ध्यानात ठेवा. असीलचा तुरा बसका आणि दाण्यादाण्यांचा, तो वाढला की नाही हेच कळत नाही, शिवाय असील तलंगही ताठ उभी राहते आणि भांडते. कडकनाथचा तुरा मुळात काळपट, तिथे लाल-फिका हा प्रश्नच उद्भवत नाही. नंदुरबारच्या बाजूला हल्ली कडकनाथ बराच दिसतो (त्याचं मूळ मध्य प्रदेशातलं झाबुआ, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिथलंच), आणि त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त चुका होतात. उघड्या मानेच्या जातीत तर मानेला पिसंच नाहीत. या तिन्हींत पाठीची पिसं तेवढीच उपयोगी.

दिवस मोजायची कटकट नको असेल तर आपलं खान्देशी पंचांग आहेच. संक्रांतीच्या सुमारास निघालेली पिल्लं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तीन ते चार महिन्यांची होतात, नवी पिसं बघायला बरोबर वेळ. त्याच्या आत विकायची किंवा कापायची घाई करू नका. आणि वैशाखात कोंबडी अंड्यांवर बसवू नका, आपल्याकडच्या उन्हात साठवलेली अंडीच आधी बिघडतात. आखाडाच्या आधी ज्याला कोंबडे काढायचे आहेत त्यानं निवड आखाजीलाच करून ठेवावी. तलंगांच्या पायात रंगीत सुतळी बांधली की ऐनवेळी पाहुण्यांसमोर गडबड होत नाही.

पाच-सहा महिन्यांच्या पक्ष्याबद्दल तरीही शंका राहिलीच, तर तिच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबा. अंड्यावर आलेली तलंग पंख थोडे पसरून खाली बसते. शेपटीखालची दोन हाडंही चाचपता येतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावली तर अंडी जवळ आली समजा. तिचा तुरा कितीही लाल असो, तिला कापू नका. आणि "कोंबडा नसला तर अंडी देईल का?" हेही लगेच सांगून टाकतो: देईल. कोंबडा लागतो पिल्लांसाठी. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो, त्याहून जास्त ठेवले तर कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात.

आठवडे बाजारात तलंग विकत घेताना पायाला बांधून उलटी लटकवलेलीच मिळते. ते मला आवडत नाही, पण एक सोय होते: पाठीची पिसं आपोआप उघडी पडतात. बोटानं सारून बघा. विकणारा "पिसं काय बघतस भाऊ, तुरा देख" म्हणाला तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या डाल्याकडे चालायला लागा.