अठरा वर्षांखालील मुलीचा गर्भपात: सही कुणाची, आठवडे कसे मोजायचे

सर्वाधिक वेळ वाया जातो तो ‘आई-वडिलांना घेऊन या’ या एका वाक्यामुळे. गर्भपाताच्या कायद्याला पालकाची लेखी संमती हवी आहे, आणि मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती म्हणजे पालक, अशी व्याख्या त्यातच दिली आहे. मुलगी मावशीकडे किंवा आजीकडे राहत असेल तर त्यांची सही चालते. ‘फॉर्म सी’ या संमतीपत्राच्या खालच्या भागात पालकाचं नाव, पत्ता, सही एवढंच भरायचं असतं. अल्पवयीन मुलीचं लग्न झालेलं असलं तरी पालकाची सही लागतेच. अठरा पूर्ण झाल्यावर फक्त तिची स्वतःची.

दुसरा घोळ आठवड्यांचा. घरची माणसं पाळी चुकली तिथून मोजतात. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. शेवटची पाळी 1 जूनला आली असेल, तर 20 आठवडे 19 ऑक्टोबरला भरतात आणि 24 आठवडे 16 नोव्हेंबरला. पाळी चुकली तिथून, म्हणजे 1 जुलैपासून मोजणारे डिसेंबरच्या मध्यापर्यंत निर्धास्त राहतात आणि महिना हातचा जातो. तारीख आठवत नसेल तर सोनोग्राफीवर ठरतं.

20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत दोघांचं लागतं. या मुदतीसाठी गर्भपात कायद्याच्या 2021 च्या नियमांत अल्पवयीन मुलींचा स्पष्ट उल्लेख आहे. 24 नंतर वैद्यकीय मंडळ फक्त गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी परवानगी देतं. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा गर्भपात सोडला, तर बाकी सगळ्यांना उच्च न्यायालय गाठावं लागतं, म्हणून कृपा करून एक दिवसही थांबू नका.

‘आधी एफआयआरची प्रत आणा’ असं सांगून परत पाठवलं, तर ते चूक आहे. गर्भपातासाठी एफआयआरची अट नाही. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, शरीरसंबंधाला मुलीची संमती होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही. पण 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास त्या माहितीत तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही. ही विनंती लेखी द्या, तोंडी सांगितलेलं पुढच्या टेबलापर्यंत पोचत नाही. तक्रार करायचीच असेल तर गर्भपाताआधी डॉक्टरांना सांगा. डीएनए तपासणीसाठी गर्भाचा नमुना जपून ठेवावा लागतो, नंतर तो मिळत नाही.

सरकारी रुग्णालयात जाताना वयासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला आणि आधीची सोनोग्राफी असेल तर ती सोबत ठेवा. मुलीची माहिती बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रांगेत सगळ्यांसमोर तिला प्रश्न विचारू लागले, तर वेगळी खोली मागा. अडलात तर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक मोफत आहे.