द्विनेत्री स्पर्धा आणि गतिपराशय

द्विनेत्री स्पर्धा : दोन डोळ्यांना परस्परांशी न जुळणारी चित्रे दाखवली असता ती एकत्र न मिसळता आळीपाळीने दिसणे. डाव्या डोळ्यापुढे उभ्या आणि उजव्यापुढे आडव्या रेघा धरल्या, तर जाळी दिसत नाही. काही सेकंद उभ्या रेघा दिसतात, मग त्या विरतात आणि आडव्या पुढे येतात. मधल्या क्षणी दोहोंचे तुकडे गोधडीसारखे जोडलेले भासतात. समोरची चित्रे मात्र तीच असतात. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये त्रिमितिदर्शकावरील निबंधात या अनुभवाचे वर्णन केले.

कोणते चित्र एकूण किती वेळ दिसेल, हे त्याच्या ठळकपणावर अवलंबून असते. तेवढ्यावरच असते, की पाहणाऱ्याच्या डोक्याच्या हालचालीतून कळणाऱ्या खोलीवरही, हा खरा प्रश्न.

डोके डावीकडे-उजवीकडे हलवले, की नजर रोखलेल्या बिंदूच्या अलीकडच्या वस्तू उलट दिशेने आणि पलीकडच्या आपल्याबरोबर सरकताना दिसतात. हा गतिपराशय. खोली, म्हणजे वस्तू किती जवळ वा दूर आहे, हे कळण्याची ही खूण एका डोळ्यालाही पुरते. ब्रायन रॉजर्स आणि मॉरीन ग्रॅहम यांनी १९७९ मध्ये पडद्यावरचे विखुरलेले ठिपके डोक्याच्या हालचालीशी जोडले. एका डोळ्याने पाहणाऱ्यालाही त्यांत उंचसखल पृष्ठभाग दिसला.

त्यामुळे स्पर्धेतील एकाच चित्राला, दुसऱ्या डोळ्याच्या मदतीशिवाय, खोली देता येते. माकडांच्या मेंदूतील एमटी या भागात गतिपराशयातून कळणाऱ्या खोलीला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी २००८ मध्ये आढळल्या. दोन डोळ्यांच्या प्रतिमांतील फरकातून मिळणारी खोलीही हाच भाग हाताळतो. म्हणजे डोक्याच्या हालचालीतून आलेली माहिती स्पर्धेपर्यंत पोचण्याला वाट असू शकते. शरीराच्या क्रियेचा परिणाम होतो, याचा पुरावा हाताच्या बाबतीत मिळतो : २००७ मधील एका प्रयोगात पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हाताने हलणारे चित्र अधिक काळ दिसत राहिले आणि लोपल्यावर लवकर परतले.

डोक्याच्या बाबतीत कसोटी अवघड आहे. चित्र टिकले ते खोलीमुळे की नुसत्या हालचालीमुळे, हे वेगळे करण्यासाठी तीच हालचाल डोके स्थिर ठेवून पुन्हा दाखवावी लागते. मग ठिपके तसेच सरकतात, पण जवळचे कोणते आणि दूरचे कोणते हे संदिग्ध होते. शिवाय अशा प्रयोगांत हनुवटी टेकवून डोके स्थिर ठेवण्याचा प्रघात आहे. मोजमाप त्याने नेमके होते, पण तपासायची गोष्टच बाहेर राहते.